‘झालं’ म्हणणाऱ्यांचा अर्ज

प्रति,
परदेशी शिष्यवृत्त्यांच्या निवड समित्यांवर बसणाऱ्या सर्व सन्माननीय सभासदांस,



मी अंबाजोगाईची. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि मग एक काम आपोआप अंगावर आलं. परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारी मुलंमुली निबंध घेऊन माझ्याकडे येऊ लागली. ‘मॅडम, जरा इंग्रजी बघा’ एवढंच त्यांचं मागणं असतं. इंग्रजी दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात. बाकीचे तीन तास दुसऱ्याच गोष्टीत जातात, आणि त्या गोष्टीबद्दल तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र.

तुमच्या शिष्यवृत्त्यांपैकी चेवनिंगचा उल्लेख या पत्रात जास्त येईल. कारण तिचा प्रश्न सगळ्यांत सरळ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तिचेच उमेदवार अधिक. केंटमधल्या एका जुन्या वाड्याचं नाव मिरवणारी ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती १९८३ साली सुरू झाली. एका वर्षाची मास्टर्स पदवी, सगळा खर्च त्यांचा, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशात राहायचं. अर्जाआधी दोन वर्षांचा, म्हणजे त्यांच्या हिशोबाने २,८०० तासांचा, कामाचा अनुभव हवा. मार्कांपेक्षा तिथे निबंधांवर भिस्त, आणि त्यातला एक निबंध नेतृत्व आणि प्रभाव यांवर: तुम्ही उद्या आपल्या देशात पुढारपण कराल, लोकांवर प्रभाव पाडाल, असं आम्ही कशावरून मानावं, उदाहरणं देऊन सांगा. आमच्याकडच्या सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या विद्यापीठाची जागतिक क्रमवारी बघतात, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला बघतात. ‘तू कोण आहेस’ असं त्या विचारत नाहीत. त्यामुळे हा प्रश्न पहिल्यांदा समोर आला की माझ्या विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो.

चेवनिंगचे अर्ज ऑगस्टात खुले होतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद होतात. आमच्या बीड जिल्ह्यात याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. माझ्या घराच्या गच्चीतून रस्ता दिसतो. संसार लादलेले ट्रॅक्टर, वर बसलेली बायकामुलं, सांगली-कोल्हापूरकडे नाही तर थेट कर्नाटकात. आणि खाली बैठकीत कुणीतरी लॅपटॉप उघडून बसलेलं असतं, ‘नेतृत्व म्हणजे नेमकं काय लिहू?’ म्हणून.

आधी या शब्दाचंच सांगते. मराठीत ‘नेतृत्व’ म्हटलं की डोळ्यांसमोर चौकातला फ्लेक्स येतो. युवा नेतृत्व, आधारस्तंभ, भावी नगरसेवक, वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा, आणि खाली शुभेच्छुकांचे पंचवीस पासपोर्ट फोटो. ज्या मुलीने गावात खरोखर काही केलं आहे ती या शब्दापासून चार हात लांब राहते. आणि ज्याला तो शब्द अंगाला चिकटलेला आवडतो तो निबंधात तोच फ्लेक्स इंग्रजीत लावतो. मागच्या वर्षी एक मुलगा आला होता. विद्यार्थी परिषदेचा सचिव, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा गटप्रमुख, तीन व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन (हे त्याने खरंच लिहिलं होतं), आणि ‘पाच हजार युवकांपर्यंत पोहोचलो’. मी विचारलं, पोहोचलास म्हणजे काय केलंस? तर एका मोठ्या मेळाव्यात त्याने आभारप्रदर्शन केलं होतं. मुलगा वाईट नव्हता हो. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आकडा टाकावा लागतो.

तुमच्या शब्दांना आमच्याकडे जवळचे शब्द आहेत, पण ते शब्दकोशात नेतृत्वाच्या पुढे दिलेले नाहीत. ‘पुढारी’ आणि ‘पुढाकार’ हे एकाच मुळाचे. पहिला शब्द बदनाम झाला, दुसरा अजून स्वच्छ आहे. आणि प्रभावाला गावात म्हणतात, ‘तिच्या शब्दाला वजन आहे’, ‘तिचा शब्द कुणी खाली पडू देत नाही’. मी हल्ली मुलांना नेतृत्व हा शब्दच उच्चारू देत नाही. म्हणते, तुझा शब्द खाली पडला नाही असा एक प्रसंग सांग. मग तासाभराने काहीतरी हाती लागतं.

हाती लागायला तास का लागतो, ते इंग्रजीच्या बाईला कळायला बरीच वर्षं गेली. आमच्या मुलांचे कच्चे मसुदे वाचले की त्यांत एक गोष्ट सारखी दिसते. ‘गावात अभ्यासिका सुरू झाली.’ ‘महिलांचे गट तयार झाले.’ ‘दारूचं दुकान बंद झालं.’ सगळं झालं. केलं कुणी? मराठी वाक्य कर्त्याला सहज पडद्यामागे जाऊ देतं, आणि आम्हाला लहानपणापासून शिकवलेलंही तेच की चारचौघांत ‘मी मी’ करू नये, आपली पाठ आपण थोपटू नये. एखादी बाई घरी वीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकते आणि विचारलं तर म्हणते, ‘झाला की स्वयंपाक.’ या पत्राच्या सुरुवातीला मी काय लिहिलं तेच बघा: ‘एक काम आपोआप अंगावर आलं.’ आपोआप काही आलं नव्हतं. कॉलेजच्या फलकावर चिठ्ठी मीच लावली होती.

तुमचा अर्ज मात्र ‘केलं’ची भाषा मागतो. मागावीच, नाहीतर माणूस निवडणार कसा? पण महानगरातल्या, इंग्रजी शाळेतल्या, फी भरून सल्लागार नेमणाऱ्या मुलांना ‘केलं’ आधीच येत असतं. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम अशा चार खणांचा साचा त्यांना पाठ असतो. तुमच्या टेबलावर आलेल्या निबंधांत त्यांचे निबंध उठून दिसतात, यात तुमचा दोष नाही. चित्र बदलतंयही. यवतमाळमध्ये ‘एकलव्य’ या संस्थेचं काम उभं करणारे बुलढाणा जिल्ह्याचे राजू केंद्रे २०२१ साली चेवनिंगवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले, आणि आता आमच्या भागातली मुलं ‘ते गेले तर आपण का नाही’ असं विचारतात. तरीही साचा आल्याने गोष्ट येते असं नाही. कधीकधी साच्यात बसवताना गोष्टीतला जीवच निघून जातो. तसं एकदा माझ्या हातून होणार होतं.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. समाजकार्यात पदवी, एका लहान संस्थेत नोकरी, आईवडील ऊसतोड कामगार. तिच्या गावातून दर हंगामात एकतीस मुलं आईबापांबरोबर फडावर जायची आणि उन्हाळ्यात परत यायची तेव्हा शाळा विसरलेली असायची. तिच्या प्रयत्नांनी ती मुलं गावात राहिली. मसुद्यातलं वाक्य अर्थातच असं: ‘सर्वांच्या सहकार्याने मुलांचे स्थलांतर थांबले.’ मी तिला साच्यात बसवलं. परिस्थिती लिहून घेतली. मुलांसाठी सरकारी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, पण टोळ्या जातात दसऱ्यानंतर आणि तिच्या गावच्या वसतिगृहाला मंजुरी यायची पुढे दोन महिन्यांनी. तोवर मुलं फडावर पोहोचलेली. कृतीत लिहून घेतलं की तिने मागे राहणाऱ्या आज्यांना एकत्र केलं, मंजुरी येईपर्यंत धान्य उसनं घेतलं, पाळीपाळीने स्वयंपाक लावला. परिणाम: एकतीस मुलं. निबंध छान झाला. एका शिष्यवृत्तीच्या पहिल्याच चाळणीत तो बाद झाला.

पुढच्या वर्षी ती परत आली तेव्हा मी तिला आधी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. या सगळ्याला नाही कोण म्हणालं होतं?

‘मुकादम,’ ती म्हणाली.

तुमच्यापैकी ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुकादम कारखान्याकडून पैसे उचलतो आणि हंगामाआधी मजुरांना वाटतो. ती उचल. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली. मुलं बरोबर असली तर दहा-बारा वर्षांची मुलगी पालावर तान्ह्याला सांभाळते, मोठा मुलगा मोळ्या बांधायला हात लावतो. मुलं मागे राहिली तर बाईचं अर्धं लक्ष गावाकडे. मुकादमाने का हो म्हणावं? आणि तो नाही म्हणाला की आज्या, धान्य, सरपंच, शाळा व्यवस्थापन समिती या कशालाच अर्थ नाही, कारण ट्रॅक्टरमध्ये कोण चढणार ते तो ठरवतो.

‘मग तो तयार कसा झाला?’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी त्याची वही लिहून दिली.’

मुकादम चौथी नापास. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या चिठ्ठ्या, कोयत्यागणिक उचल, खाडे, हे सगळं तो भाच्याकडून लिहून घ्यायचा आणि भाचा त्याला फसवत होता. हिने महिनाभर रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून मागच्या हंगामाचा हिशोब जुळवून दिला. चूक सापडली. त्या दिवसापासून तिचा शब्द त्याने खाली पडू दिला नाही. पुढच्या दसऱ्याला त्याने टोळीला सांगितलं, पोरं चढवायची नाहीत.

मी म्हटलं, अगं, हे लिहिलं का नाहीस? ती म्हणाली, ‘मॅडम, ज्या वहीत माझ्या आईबापाचं कर्ज लिहिलंय ती वही मी नीट करून दिली. हे काय सांगायचं लोकांना?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण मला एवढं कळलं की तुम्ही ज्याला प्रभाव म्हणता तो या मुलीने कुठे आणि कसा मिळवला ते त्या ओट्यावर होतं, आणि साच्याच्या चारही खणांत त्याला जागा नव्हती. आपल्याहून बलवान माणसाला, ज्याचं हित आपल्या विरुद्ध आहे अशाला, आपल्या बाजूने एक पाऊल टाकायला लावणं, आणि त्यासाठी थोडी शाई स्वतःच्याही अंगावर उडवून घेणं. स्वच्छ निबंधांत ही शाई दिसत नाही, कारण आम्ही सल्ला देणारे ती पुसून टाकतो.

आमच्याकडच्या एका जुन्या अर्जाची आठवण करून देते. चेवनिंग सुरू झाली त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची एक मराठी मुलगी इंग्रजीतून बोलायला उभी राहिली. आनंदीबाई जोशी. डॉक्टर व्हायला ती अमेरिकेला निघाली होती आणि लोकांनी रस्त्यात तिला सळो की पळो करून सोडलं होतं. तिने आपल्या कर्तबगारीची यादी वाचली नाही. वाचण्यासारखी यादी तिच्याकडे नव्हतीच. लोक तिला जे जे विचारून छळत होते, तेच प्रश्न तिने स्वतः एकेक करून मांडले. अमेरिकेलाच का? इथे शिकता येत नाही का? एकटी का? परतल्यावर जातीबाहेर टाकलं तर? संकट कोसळलं तर? आणि आजवर कुणा बाईने केलं नाही ते तूच का करावंस? मग एकेकाचं उत्तर दिलं. विरोधकांचा आक्षेप त्यांच्यापेक्षा नीट मांडायचा आणि मग त्याच्याशी भांडायचं! पुढारपणाचा याहून चांगला पुरावा मी तरी कुठल्या निबंधात वाचलेला नाही. ती १८८६ साली पेनसिल्व्हेनियात पदवीधर झाली, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही मिळाली, पण ती जागा हाती घेण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारली. तुमच्या परिणामाच्या खणात तिच्यापुढे काय लिहाल?

दुसरा अर्ज १९१३चा. बडोद्याच्या सयाजीरावांनी बावीस वर्षांच्या एका पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट एवढीच की परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. तोवर भीमराव आंबेडकरांच्या नावावर ना वृत्तपत्र होतं, ना संघटना, ना परिषद. नोकरी म्हणाल तर बडोद्यातच काही दिवसांची. २,८०० तासांच्या जवळपासही नाही. ‘मूकनायक’ १९२० साली, महाडचा सत्याग्रह १९२७ साली. म्हणजे नेतृत्वाचा निबंध त्या अर्जात असता तर तो खण जवळजवळ कोरा राहिला असता. आणि परत यायच्या अटीचं म्हणाल तर तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९१७ साली ते अट पाळायला बडोद्याला गेले तर त्या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. माणूस मायदेशी परतला म्हणजे त्याला तिथे वजन मिळेलच असं नाही. त्याचा देश ते देतो की नाही हाही प्रश्न असतो. तुम्ही परतीच्या विमानाची अट घालता, त्यापुढचं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं.

पदवाल्यांच्या पलीकडे पाहायची सवय कुणालाच लवकर लागत नाही. १९०२ साली वारलेल्या सेसिल ऱ्होड्सने आपल्या मृत्युपत्रात शिष्यवृत्तीसाठी पुढारपणाची उपजत वृत्ती मागितली आणि सोबत मर्दानी मैदानी खेळांची आवडही. त्या शिष्यवृत्तीचं दार बायकांना उघडायला १९७७ साल उजाडलं. आम्हीही काही वेगळे नाही. ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांना दिल्या आणि ‘सरपंचपती’ हा शब्द जन्माला घातला. सही एकीची, खुर्चीत दुसराच. तेव्हा एखाद्या अर्जात ‘सरपंच’ असं लिहिलेलं दिसलं तर भाळू नका, आणि काहीच लिहिलेलं दिसलं नाही तर पान उलटू नका.

प्रभाव कसा चालतो ते बघायचं असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाची गोष्ट घ्या. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं. कल्पना मुळात सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याची, ठराव हेरवाडच्या लोकांचा, परिपत्रक मुंबईचं. आता समजा, त्या ग्रामसभेत हात वर करणारी एखादी मुलगी उद्या तुमच्याकडे अर्ज करते. ती काय लिहील? ‘ठराव मंजूर झाला.’ पण सभेच्या आदल्या रात्री कुणाच्या सासूची समजूत कुणी काढली, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. मुलाखतीला बोलवाल तेव्हा ‘तुम्ही काय साध्य केलं’ याआधी ‘तुम्हाला नाही कोण म्हणालं’ हे विचारा. मेळाव्यात आभार मानणाऱ्याला यावर काही सांगता येत नाही. त्याला कुणी नाही म्हटलेलंच नसतं. आणि निबंध वाचताना ‘झालं’ दिसलं तर ते भाषेचं दुबळेपण समजू नका, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या खुणेपासून मुलाखत सुरू करा. आणखी एक प्रश्न सुचवते, तो मला फार उशिरा सुचला: वर्षभर तुम्ही लंडनला असाल तेव्हा तुमचं काम कोण करेल? ‘बंद पडेल’ असं प्रामाणिकपणे सांगणारे मला भेटलेत. ‘माझ्यावाचून अडणार नाही’ असं म्हणणारे कमी, आणि त्यांतले निम्मे विनयाने खोटं बोलतात.

हा प्रश्न मी त्या मुलीलाही विचारला. या वर्षी ती पुन्हा अर्ज करते आहे. ओट्यावरची वही या वेळी निबंधात आहे, शाईसकट; ‘झालं’चं ‘केलं’ तिने स्वतः केलं, मी फक्त स्पेलिंग पाहिलं. सप्टेंबरात तू गेलीस तर वही कोण लिहील, असं मी म्हटलं तेव्हा ती हसली. म्हणाली, ‘आत्ताही मी कुठं लिहिते? मुकादमाची पोरगी लिहिते. सातवीत आहे. गेल्या हंगामापासून तिनं एक नवीनच काढलंय. दर कोयत्याचा हिशोब वेगळ्या चिठ्ठीवर उतरवते आणि ती चिठ्ठी त्या बाईच्या हातात देते. बाप ओरडला, तरी देते.’

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका
अंबाजोगाई, जि. बीड